माकड की वानर

बाल्यावस्थेत मला मिळालेली पहिली पदवी ‘माकड’ ही होय. परंतु ती बहाल करणारी आमची आजी शनिवारी मारुतीला तेल वाहताना त्याच कुळाचा उल्लेख ‘वानर’ असा अत्यंत आदराने करी, आणि एका घराण्याची ही दोन नावे एकाच मुखातून ऐकून माझी मती गुंग होई.

पुढे अमरकोश शिकविणाऱ्या शास्त्रीबुवांनी कपि, प्लवंग, शाखामृग, वलीमुख, मर्कट अशी सारी बिरुदावली मुखोद्गत करविली. मर्कटाचे प्राकृतात ‘मक्कड’ आणि मराठीत ‘माकड’ झाले, हे सरळच आहे. ‘वानर’ शब्दाची फोड मात्र ते ‘वा नरः’, म्हणजे ‘हा नर तर नव्हे?’, अशी करीत. हा शब्द ‘वन’ या शब्दाशी निगडित असल्याचे विद्वान मानतात, आणि त्यांचेच म्हणणे ग्राह्य होय. तरीही शास्त्रीबुवांची ती भाबडी व्युत्पत्ती मला अधिक प्रिय आहे, कारण तीत प्राण्यापेक्षा त्याला पाहून भांबावलेला मनुष्यच अधिक दिसतो.

उतारवयात मुक्काम काशीगावी पडला. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, जेथे लाल तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर दोन्ही नांदतात. दुसरीकडे घोडबंदर, जेथील किल्ला मराठ्यांनी १७३७ साली फिरंग्यांकडून घेतला. त्या घोडबंदरातले ‘बंदर’ फारसी, जहाजांचे. शेजारच्या सज्जातून हिंदीत ‘बंदर आया’ अशी आरोळी उठते ते ‘बंदर’ वानराचेच वंशज. तळकोकणातले बागायतदार अशा घोटाळ्यात पडत नाहीत: नारळ नासणारा लाल तोंडाचा तो केलडा, काळ्या तोंडाचा तो वांदर, आणि शिव्या दोघांनाही सारख्याच!

परवा सोसायटीने वनखात्याकडे करावयाच्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे सोपविला. गच्चीवरच्या टाकीची झाकणे उचलणाऱ्या टोळीत दोन्ही जातींचे प्राणी होते, म्हणून मी काटेकोरपणे ‘माकडे व वानर यांचा बंदोबस्त व्हावा’ असे लिहिले. तळमजल्यावरच्या काकूंनी कागद परत धाडला. ‘‘वानरांचा बंदोबस्त? अहो, आज शनिवार!’’ मी ‘व वानर’ एवढे खोडले. सर्वांनी सह्या केल्या.