‘पाणी’ आणि ‘पानी’

येळवस, म्हणजे आमच्याकडची शेतातली वेळा अमावास्या, करून लातूरहून परतले तेव्हा पिशवीत वीसेक धपाटे, शेंगाची चटणी आणि पाठटाचणाच्या चार कोऱ्या वह्या होत्या. २ जानेवारी २०१७, सोमवार. सकाळी सव्वासहाला मी बोरिवलीच्या गोराई खाडीच्या धक्क्यावर उभी. बी.एड.चा कोर्स आदल्याच वर्षीपासून दोन वर्षांचा झालेला, त्यामुळे दुसऱ्या वर्षी आंतरवासिता नावाचं लांबलचक प्रकरण आमच्या वाट्याला आलं होतं. शाळांची यादी लागली. माझ्या नावापुढे खाडीपल्याडची, मिशनची मराठी शाळा. मैत्रिणी हसल्या, “तुला होडीनं जावं लागणार गं.”

होडीत माणसांच्या आधी मोटारसायकली चढल्या. एका कोळणीनं रिकामी पाटी बाजूला सारून मला जागा दिली. दोन्ही अंगांना खारफुटी, पलीकडे पॅगोड्याचा सोनेरी कळस. एवढं पाणी एका जागी बघून माझ्या मनात पहिला विचार आला, तो म्हणजे यात टँकर किती भरतील? लातूरच्या माणसाचं हे असं होतं, त्याला इलाज नाही.

उतरल्यावर रिक्षा, आणि गोराई गाव जवळ आलं तसा वास. बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, ओळीच्या ओळी. आमच्या घरात माळकरी आजी. मी ओढणी नाकाला लावली आणि लगेच काढली, कारण रिक्षावाला आरशातून बघत होता.

शाळेत प्रार्थना सुरू झाली. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत “एक साथ नमस्ते” ऐकत वाढलेली मी. इथे पोरांनी सुरात “गुड मॉर्निंग टीचर” म्हटलं आणि कपाळ, छाती, खांदे अशी क्रुसाची खूण केली. माझे हात अर्ध्यावर लोंबकळले. जोडावेत की खाली सोडावेत? शेवटी जोडले. शेजारच्या टीचर पुटपुटल्या, “चालतं, देवाला समजतं.” त्याच माझ्या मार्गदर्शक शिक्षिका. आठवडाभर त्यांनी मला जेवढं सांभाळलं, तेवढंच लाल पेनानं सोललंही.

मधल्या सुट्टीत त्यांनी विचारलं, “ईस्ट इंडियन म्हणजे कोण, माहीत आहे का?” मी म्हटलं, “बिहार-बंगालकडचे?” स्टाफरूम खो-खो हसली. मग कळलं की ही मुंबई-वसई-ठाण्याकडची मूळचीच मराठी माणसं; पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे हे सांगायला १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी हे नाव घेतलं. नाव पूर्वेचं, राहणं पश्चिम किनाऱ्याला. धपाटे मात्र त्या स्टाफरूममध्ये सोमवारीच संपले.

मंगळवारी ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. नवीन माणसाला भाषण देणं हा सगळ्या शाळांचा आवडता उद्योग. मी भिडेवाडा, १८४८, अंगावर फेकलेलं शेण-चिखल असं सगळं पाठ असलेलं धडाधड बोलले. खाली उतरल्यावर मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, “छान. पण त्या शिकवायला कुठं शिकल्या, ते राहिलं.” नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये. सिंथिया फरार १८२७ साली अमेरिकेहून मुंबईत आल्या आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत १८६२ मध्ये तिथेच वारल्या. म्हणजे सावित्रीबाईही कधीतरी छात्राध्यापिका होत्या! त्यांच्याही पाठाला कुणीतरी मागच्या बाकावर बसून वहीत शेरे मारले असतील, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

बुधवारी माझा पहिला पाठ. सातवी, भूगोल, विषय पाणी. रात्री मामाच्या घरी जागून मी थेंबाच्या आकाराचे तक्ते कापले होते. पद्धत ठरलेली: आधी प्रस्तावनेचे प्रश्न, त्यातून मुलांच्या तोंडून विषय काढायचा, मग हेतुकथन करून फळ्यावर शीर्षक.

“जगायला आपल्याला काय काय लागतं?”

“हवा.”

“आणखी?”

“मासली.”

“आणखी काय?”

“होडी, टीचर.”

पाणी कुणाच्या तोंडून निघेना. चहूबाजूंनी तेच, तर त्याचं नाव कशाला घ्यायचं? तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या पोरानं मलाच प्रश्न टाकला, “टीचर, तुमचं गाव कंचं?”

“लातूर.”

“टीव्हीवर दाखवलं ते? गाडीनं पानी गेलं ते?”

तक्ते टेबलावरच राहिले. मी सांगत सुटले. मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाणी भरायच्या जागांवर भांडणं होतील म्हणून मार्चमध्ये लावलेलं जमावबंदीचं १४४ कलम. खोल्या करून राहिलेली शिकवणीची पोरं गावाकडे परतलेली. आणि १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून आलेली पहिली गाडी: दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. तोवर मिरज म्हटलं की आमच्या घरी मिशनचा दवाखाना एवढंच ठाऊक होतं. आजीला दाखवायचं तर मिरजेला. त्या उन्हाळ्यापासून मिरज म्हणजे पाणी.

“फास्ट होती का स्लो?” मागून आवाज आला. बेटावरची असली तरी पोरं मुंबईचीच.

“लेडीज डबा होता का?”

वर्ग फुटला. मी फळ्यावर गुणाकार करायला लावला, पाच लाख लिटर आलं, तेव्हा कुठे शांतता झाली. पुढे गाडी पन्नास वाघिणींची झाली, तोही गुणाकार त्यांनी केला: पंचवीस लाख. मग एकानं हिशेबी प्रश्न केला, “तुमच्या घरी किती यायचं?” मे महिन्यात सुट्टीला गेले होते तेव्हाचं सांगितलं. टँकर गल्लीत आला की घरटी दोनशे लिटर. पुन्हा कधी, ते कुणी सांगत नसे. त्यात अंघोळ परातीत बसून करायची, आणि परातीत साठलेलं पाणी फरशी पुसायला.

खिडकीजवळची एक मुलगी तोवर गप्प होती. ती उठून म्हणाली, “आमच्या बावेचं पानी खारं. त्याचा चा फाटतो.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. आमच्याकडे आड आटतो, बारव आटते. भरलेल्या विहिरीचं पाणी पिता येत नाही हे मला नवं होतं. समुद्र आत शिरला की गोडं पाणी कसं मचूळ होतं, ते मग तिनंच हात हलवत सांगितलं. बेल झाली तेव्हा माझ्या टाचणातला एकही मुद्दा झालेला नव्हता.

टीचरनी वही परत दिली. लाल अक्षरात शेरे: ‘प्रस्तावना लांबली. हेतुकथन राहिले. शैक्षणिक साधनांचा वापर नाही. फळ्याचा वापर बरा. पाणी या शब्दाचा उच्चार सुधारावा.’ मला पत्ताही नव्हता. कॉलेजात दीड वर्ष घोटून घेतलेला ‘ण’ गाडीच्या गोष्टीत कधी गळून पडला कोण जाणे. लातूरचं पानी आणि गोराईचं पानी, अर्धा तास सगळा वर्ग नुसता पानी-पानीच करत होता आणि कुणालाही काही खटकलं नव्हतं. एक टीचर सोडून.

गुरुवार वह्या तपासण्यात गेला.

शुक्रवारी ६ जानेवारी, तीन राजांचा सण. गोराईचं चर्चच त्या तीन राजांच्या नावाचं, त्यामुळे गावात नाताळ अजून संपलेला नव्हता. पोरांनी वर्गातच छोटं नाटुकलं केलं. दोन पोरं चादरीखाली वाकून उंट झाली. उंटाचे मागचे पाय पुढच्यांशी भांडत होते. राजांनी बाळ येशूसाठी सोनं, ऊद आणि गंधरस आणला. ऊद खरा होता. त्या धुरानं मला एकदम लातूरच्या सुरत शहावली दर्ग्यात नेऊन उभं केलं. मग डबे उघडले, फुगे निघाले: मैद्याचे, तळलेले, आतून पोकळ, किंचित गोड. आठच दिवसांपूर्वी शेतात कोपीपुढे बसून मी बाजरीचे उंडे आणि भज्जी खाल्ली होती, वर आंबील. इथे कुणाला उंडे समजावून सांगता येईनात. “फुग्यासारखे, पण जड,” एवढंच जमलं.

निघताना ती खिडकीजवळची मुलगी पळत आली. हातात अर्ध्या लिटरची बाटली.

“बावेचं आहे. तुम्हाला खरं वाटलं नाय ना?”

होडीत मी बाटली मांडीवर धरून बसले. शेजारचा म्हणाला, “पाणी आहे का प्यायला?” मी नाही म्हटलं.

मामीला काही सांगितलं नाही. तेच पाणी आधणाला ठेवलं, साखर-पत्ती टाकली, उकळी आल्यावर दूध घातलं. चहा फाटला.