पोर्चमधला डाग

आमच्या पोर्चमध्ये शहाबादी फरशी आहे. तिच्यावर चहा सांडला, हळदीकुंकू सांडलं, नातवाने रंग सांडले, सगळं निघालं. पण गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता एक डाग पडला, तो काही केल्या निघेना. रोज पुसावा आणि रोज सकाळी नवा. काळा, चिकट, रुपयाएवढा. आठवड्याभरात तो बशीएवढा झाला.

गाडी आमची मारुती ८००. १९९८ साली पतसंस्थेचं कर्ज काढून नवी घेतली. शाळेत चार चाकं आणणारा मी तिसरा मास्तर! २०१३ साली तिची पंधरा वर्षं भरली, तेव्हा पहिल्यांदा पुन्हा पासिंग केलं, मग २०१८, मग २०२३. या शेवटच्या वेळी नुसती नोंदणीची फीच पाच हजार पडली. (आधी सहाशे होती.) मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आता सोडा तिला." मारुतीने ही गाडी १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं बनवली. बनवणारे थांबले, मग तुम्ही का थांबत नाही, असा त्याचा मुद्दा.

न थांबण्याचं कारण म्हणजे आमची अक्का. वय ८३, राहते वाईला. तिच्या डोळ्यांत दर महिन्याला इंजेक्शन द्यायला साताऱ्याला आणावं लागतं. एसटीत ती आता चढू शकत नाही आणि भाड्याच्या गाडीत बसायला तयार नाही. "तुझ्या गाडीत मला दार उघडता येतं," म्हणते. यावर काय बोलणार?

तर डाग. ऑईलची काडी काढून पाहिली तर पातळी खालच्या खुणेला टेकलेली. सर्व्हिसिंग होऊन महिनाही झाला नव्हता. मी खाली वाकून बघितलं (वाकलो म्हणजे सतरंजी टाकून आडवाच झालो), तर चेंबरच्या ड्रेन नटावर थेंब लोंबत होता. झालं! गुन्हेगार सापडला. ऑईल बदलताना हा नट ज्याने काढला, त्याने नीट आवळला नाही.

तो नट गॅरेजातल्या पोराने काढला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, कानात बाळी, काम करताना गाणी गुणगुणणारा. मी गॅरेजात गेलो आणि मालकासमोर म्हणालो, "तुमच्या पोराचं कामात लक्ष नाही. गाणी म्हणताना नट सैल ठेवला. वाटेत इंजिन जाम झालं असतं तर?" आवाज वर्गातला लागला. चाळीस वर्षांची सवय. मालकाने हात लावून पाहिलं, नट ओला होता. त्याने पोराला चार गिऱ्हाइकांदेखत झाडलं. पोरगा एवढंच म्हणाला, "सर, नट टाईट हाय, तेल वरनं येतंय." माझं उत्तर तयारच होतं, "उलट बोलू नकोस."

नवा वॉशर घालून नट आवळून दिला. चार दिवसांनी फरशीवर पुन्हा डाग.

पुन्हा गॅरेज. आता मालक स्वतः खाली गेला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथून थेंब येतोय म्हणाला. म्हणजे क्रँकचं मागचं ऑईल सील गेलं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही बदलू, आठ-नऊ हजार धरून चाला. पोरगा दिसला नाही म्हणून विचारलं. "त्याचे आठशे कापले, तर आलाच नाही पुन्हा," मालक म्हणाला. मी काही बोललो नाही. पण घरी येताना गाडीत गप्प होतो, एवढं खरं.

आमच्या शेजारी नाना राहतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस. मी आठ हजारांचं रडगाणं गायलो तर म्हणाले, "गुरुजी, तेल हे दोनच गोष्टी करतं. खाली उतरतं, आणि गाडी पळत असली की वाऱ्याने मागे जातं. थेंब पडतो तिथे बघू नका. ओलं कुठून सुरू होतंय, ती सगळ्यात वरची जागा बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रॉकेलचा ब्रश घेऊन हजर. गार इंजिन. कार्बुरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि पंचवीस वर्षांचा चिखल घासून काढला. इंजिन मूळचं चंदेरी आहे हे मला तेव्हा कळलं! पुसून पूर्ण वाळू दिलं. मग सौ.चा पावडरचा डबा मागितला. "इंजिनाला पावडर?" तिने विचारलं. नानांनी बोटाने फुंकर घातल्यासारखी पावडर सगळ्या जोडांवर उडवली, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायला सांगितलं. आधी हेही तपासलं की गळतंय ते इंजिनचंच ऑईल आहे ना. गिअर ऑईलला एक उग्र वास असतो, तो नव्हता.

इंजिन बंद करून आम्ही दोघे म्हातारे बॅटरी आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन आत डोकावलो. मागच्या सीलचं दुखणं असतं तर वरचा भाग कोरडा राहिला असता. पण पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ स्पष्ट उमटली होती. ती सुरू होत होती पार वर, हेडच्या टोकाला, डिस्ट्रिब्युटर जिथे बसतो तिथे. तिथून गिअरबॉक्सच्या बाजूने उतरत, चेंबरच्या कडेने सरकत शेवटी त्या ड्रेन नटावर येऊन थांबत होती. तो नट चेंबरच्या तळाशी, सगळ्यात खाली. सगळ्यांचं तेल शेवटी त्याच्याच माथी.

टॅपेट कव्हरचं पॅकिंगही जरा पाझरत होतं, पण मुख्य गळती डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असलेल्या रबरी रिंगेतून. इंजिनच्या उष्णतेने ती रिंग प्लॅस्टिकसारखी कडक झाली होती, हातात घेतल्यावर मोडली. नवी रिंग ४० रुपये, पॅकिंग १८०. पोवई नाक्याकडे दोन्ही मिळालं. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी नानांनी त्याच्यावर आणि हेडवर मिळून खडूची रेघ मारली. तो त्याच जागी बसला नाही तर ठिणगीची वेळ चुकते. (खडू माझाच, हे सांगायला नकोच.) नंतर टायमिंग लाईट लावूनही खात्री करून घेतली. टॅपेट कव्हरचे बोल्ट थोडे थोडे, सारखे आवळले. जास्त पिळले की पॅकिंग दबून फाटतं म्हणे.

आठ हजार वाचले. पण मला आनंद होईना. "तेल वरनं येतंय" असं तो पोरगा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, आणि मी त्याला गप्प बसवलं होतं. वर्गात शाई सांडली की ज्याच्या बाकाखाली ओघळ, त्याला उभा करायचा, असं मी किती वर्षं केलं असेन? त्या सगळ्यांची आता गणती नाही. हा एक तरी सापडण्यासारखा होता.

शोधला. हायवेला एका पंक्चरच्या दुकानात काम करतो. मी गाडी थांबवली तशी त्याने मान खाली घातली. म्हटलं, "बाळा, चूक माझी होती. तू बरोबर सांगितलं होतंस." आणि आठशे रुपये पुढे केले. मला वाटलं होतं, नको म्हणेल. त्याने घेतले आणि मोजून खिशात ठेवले. ते मला आवडलं. त्याचेच होते ते. मग हात पुसत त्याने विचारलं, "सर, ब्रीदर पाइप साफ केलाय का?"

केला नव्हता. टॅपेट कव्हरपासून एअर क्लीनरकडे जाणारी ती नळी. इंजिनच्या पोटातला वायू तिच्यातून बाहेर पडतो. ती तुंबली की आत दाब वाढतो आणि जिथे सांधा कमजोर तिथून तेल बाहेर ढकललं जातं. पोराने तिथेच बॉनेट उघडून नळी काढली. आत काळ्या लोण्यासारखा थर. "असंच ठिवलं असतं तर नवी रिंग पण वर्षात गळली असती," तो म्हणाला. मी त्याच्या हाताखाली बॅटरी धरून उभा होतो. पैसे विचारले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, आठशेत आलं."

म्हणजे रिंग मी नि नानांनी शोधली, पण ती का गळली, हे त्याने शोधलं.

तो त्या गॅरेजात परत गेला नाही. मालकाला मी जाऊन सांगितलं, तेव्हा "अहो, चालायचंच" एवढंच उत्तर मिळालं. माझ्या वर्गातल्या आवाजाने त्याची शिकण्याची एक चांगली जागा गेली, हे काही आठशे रुपयांनी भरून निघत नाही. आता गाडीचं काही निघालं की मी हायवेला जातो आणि आधी त्यालाच बोलू देतो.

अक्काच्या सात फेऱ्या झाल्या तेव्हापासून. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरायची सवय मात्र लागली आहे. आज सकाळी पाहिलं, कोरडं होतं. फरशीवरचा जुना डाग तेवढा राहिला. सौ. सोडा घालून घासू म्हणते. मी म्हटलं, राहू दे.