‘थांबा’ म्हणणं मी का सोडलं

“भाऊ, नवीन प्रोसेसर कधी येते? घेऊन टाकू का थांबू?” मारेगावात कॉम्प्युटर जोडून देण्याचं काम करतो, म्हणून हा प्रश्न मला सतत विचारला जातो. फोटो स्टुडिओवाले विचारतात, आपले सरकार सेवा केंद्र चालवणारे विचारतात, पुण्या-नागपूरला इंजिनिअरिंगला निघालेल्या पोरांचे वडील विचारतात. वर्षानुवर्षं माझं उत्तर बहुधा एकच असे: थोडं थांबा. कापूस विकून आलेला पैसा आहे, त्यातून घेतलेली मशीन दोन महिन्यांत मागच्या पिढीची ठरू नये, ही त्यामागची तळमळ. तळमळ तीच आहे. उत्तर मात्र बदललं आहे.

नवा प्रोसेसर कधी येईल याचा अंदाज बांधता येतो, आणि बराच जवळचा बांधता येतो, हे आधी सांगतो. इंटेलची बारावी पिढी ४ नोव्हेंबर २०२१ ला आली, तेरावी २० ऑक्टोबर २०२२ ला, चौदावी १७ ऑक्टोबर २०२३ ला आणि कोअर अल्ट्रा २०० ची डेस्कटॉप मालिका २४ ऑक्टोबर २०२४ ला. आपल्याकडे कापूस वेचणी सुरू होते तोच हा काळ. जानेवारीत लास वेगासचं सीईएस आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तैपेईचं कॉम्प्युटेक्स ही प्रदर्शनं असतात, त्यांत पुढची चाहूल लागते. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या नव्या चिपसाठीचं बायोस आधीच देऊ लागल्या, की दिवस जवळ आले हे कळतं. हे सगळं वाचण्यात, जुळवण्यात मला खरा आनंद मिळतो.

पण या वेळापत्रकावर कोणाचा व्यवसाय टांगून ठेवावा इतकं ते पक्कं नाही. २००७ पासून इंटेलचा नेम ठरलेला होता: एका वर्षी चिप बनवण्याची पद्धत सुधारायची, पुढच्या वर्षी चिपची रचना. मग १० नॅनोमीटरचं तंत्र रखडलं. ऑगस्ट २०१५ च्या स्कायलेकपासून मार्च २०२१ च्या रॉकेट लेकपर्यंत, साडेपाच वर्षं, त्यांचे डेस्कटॉप प्रोसेसर १४ नॅनोमीटरवरच राहिले. त्याआधीच्या ब्रॉडवेलची गोष्ट तर मला अजून चटका लावते. डेस्कटॉपसाठीचा कोअर आय ७ ५७७५ सी जून २०१५ मध्ये आला आणि ऑगस्टमध्ये स्कायलेक उभा राहिला, वेगळ्या सॉकेटसह. ज्यांनी त्याची धीराने वाट पाहिली, त्यांच्या हाती दोन महिन्यांचं नवेपण आलं. एएमडीचंही तसंच. रायझन ९००० ची मालिका ३१ जुलै २०२४ ला ठरली होती, ती ऐनवेळी ८ आणि १५ ऑगस्टवर गेली.

हा पेच आपल्या माणसांनी फार मोठ्या कामातही पाहिला आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. नेतृत्व विजय भटकरांचं, म्हणजे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या माणसाचं; आम्हा वैदर्भीयांना त्याचं अप्रूप आजही आहे. त्या यंत्रात इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपा होत्या. त्या कंपनीची पुढची चिप, टी ९०००, जाहीर झाली आणि मग लांबतच गेली. १९९४ चा परम ९००० आला तो सुपरस्पार्क प्रोसेसर घेऊन, आणि रचना अशी, की पुढे दुसरे प्रोसेसरही त्यात सामावता यावेत. चिप कोणती आणि कधी येईल यावर यंत्र अडू नये, ही सोय आराखड्यातच करून ठेवलेली. माझं मत बदलण्यात या उदाहरणाचा वाटा मोठा आहे.

दुसरा वाटा एका साध्या प्रोसेसरचा. एएमडीची झेन ३ पिढी ५ नोव्हेंबर २०२० ला आली. त्या दिवशी त्यातला सगळ्यात स्वस्त होता ५६०० एक्स, २९९ डॉलरचा. आमच्या गिऱ्हाइकाला परवडणारा साधा ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये, १९९ डॉलरला. मधे सतरा महिने गेले. सगळं जग जिला प्रकाशनाची तारीख म्हणतं, ती मारेगावची तारीख नव्हतीच. झेन ४ मध्ये हे अंतर कमी झालं, सप्टेंबर २०२२ ते जानेवारी २०२३, पण तिथे सुरुवातीला बोर्ड महाग आणि डीडीआर ५ रॅमशिवाय चालत नाही अशी अट. नवी पिढी आली म्हणजे आपल्या बजेटची मशीन आली, असा अर्थ लावणं मी सोडलं.

इथल्या कामाचं पंचांग वेगळंच आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले, की उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला घ्यायला खेड्यापाड्यांतून माणसं येतात. त्या दिवसांत सेवा केंद्राची मशीन अडली, तर मजुरी बुडवून आलेला बाप रिकाम्या हाताने परत जातो. अशा केंद्रचालकाला मे महिन्यात “ऑक्टोबरपर्यंत थांबा” सांगणं मला आता पटत नाही. स्टुडिओवाल्याचं तसंच: तुळशीचं लग्न झालं, की व्हिडिओचं काम अंगावर येतं, आणि त्यावर त्याचं वर्ष निघतं.

मग अंदाज बांधायचा कशाला? बोर्ड निवडायला. २०१७ मध्ये ज्यांनी एएम ४ सॉकेटचा बोर्ड घेतला, त्यांना २०२२ मध्ये एएमडीने जुन्या बोर्डांसाठीही दार उघडल्यावर, बायोस मिळालं तिथे, त्याच बोर्डात ५६०० बसवता आला. उलट त्याच २०१७ च्या उन्हाळ्यात इंटेलचा २०० मालिकेचा बोर्ड घेतलेल्याला ऑक्टोबरमध्ये आलेली आठवी पिढी त्यात चालत नव्हती. पुढची चिप कधी येईल यापेक्षा ती कशात बसेल, हे आधी पाहायला हवं, इथवर मी आलो आहे.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली. मायक्रॉनने डिसेंबरात क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. प्रोसेसरचा महिना आम्ही ओळखत बसतो आणि मशीनची किंमत ठरते भलत्याच भागावर.

थांबायला मी आजही सांगतो, पण कोणाला? ज्याची जुनी मशीन नीट चालते आहे, काम अडलेलं नाही आणि पुढच्या पिढीची तारीख कंपनीने स्वतः जाहीर केली आहे, त्याला. तेही बहुतेकदा जुन्या पिढीचा भाव उतरावा म्हणून. बाकीच्यांसाठी सध्या एएम ५ चा बोर्ड आणि मधला प्रोसेसर सुचवतो, कारण या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देण्याचं एएमडीने सांगितलं आहे. रॅमची एकच काडी लावून दुसरी जागा रिकामी ठेवतो. वेग थोडा कमी मिळतो, तो मशीन देतानाच सांगतो.