आधी हौद्याचं ठरव

ओरगडम

प्रिय विन्या,

गाडीचे फोटो पाहिले. देवगडच्या लाल चिऱ्याच्या कुंपणापुढे निळी इसुझू व्ही-क्रॉस काय शोभतेय! सेकंडहँड असली तरी सांभाळलेली दिसते. गाडी उचलावी का, हा तुझा प्रश्न फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहायला बसलो. कोल्हापूरचा दुकानदार म्हणतो पुढून दोन इंच लेव्हलिंग किट टाका, तुझा पुतण्या म्हणतो चारही बाजूंनी लिफ्टच करा. पैसे देण्याआधी माझं ऐक.

मी राहतो तो हा सगळा इलाखा गाड्यांचा. वंडलूर-वालाजाबाद रस्ता आणि सिंगपेरुमाळ कोईल-श्रीपेरुंबुदूर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे ओरगडम. २०१० मध्ये इथे रेनो-निस्सानचा कारखाना सुरू झाला, २०१२ मध्ये भारतबेंझचा, आणि गाड्यांच्या चाचण्यांसाठी सरकारने उभारलेलं केंद्रही इथेच. तुझी गाडीही याच बाजूची म्हणायची. चेन्नईच्या उत्तरेला आंध्रची हद्द लागली की श्री सिटी, तिथे इसुझूचा कारखाना २०१६ साली सुरू झाला. इथल्या चौकात चहा घेत उभं राहिलं की बसच्या उघड्या चेसी जाताना दिसतात. ना बॉडी, ना छप्पर, ड्रायव्हर डोक्याला हेल्मेट घालून बसलेला. खड्डा आला की मागची बाजू नुसती थडथड उडते. मागच्या स्प्रिंगचे पाटे भरलेल्या बससाठी बनवलेले, वर वजन काहीच नाही, मग ते दबणार कसे?

तुझ्या पिकअपचं हेच आहे. पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. हौदा भरल्यावर गाडी समतल बसावी म्हणून रिकामी असताना ती मागून उंच ठेवलेली असते. नाक खाली दिसतं ते बिघडलेलं नाही, मुद्दाम तसं केलेलं आहे. एप्रिल-मे महिन्यात तू आंब्याच्या पेट्या रचून फोंडा घाट चढणार. आज पुढून दोन इंच उचललीस तर रिकामी गाडी फोटोत छान सरळ दिसेल, पण पेट्या चढल्या की मागून बसेल आणि नाक आभाळाकडे जाईल.

त्याचा पहिला फटका हेडलाइटला. तुझ्या गाडीचा व्हीलबेस ३,०९५ मिमी आहे. पुढून ५० मिमी उचल झाली की झोत साधारण एका अंशाने वर जातो, म्हणजे ५० मीटरवर जवळजवळ ८० सेंटिमीटर. डिपरला झोत मुळात खाली झुकलेला असतो, तो सगळा झुकाव यात संपतो. वळणावर समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या थेट डोळ्यांत! लाइट पुन्हा लावून घेता येतात, पण रिकाम्या गाडीवर लावलेले लाइट हौदा भरला की परत वर जाणार.

दुकानदार देतोय तो स्पेसर, म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावर बसवायची लोखंडी चकती. स्वस्त, अर्ध्या दिवसाचं काम. पण स्प्रिंग खालच्या आर्मवर मधेच टेकते, त्यामुळे चकती एक इंचाची असली तरी चाकापाशी उचल दीडपट-दुप्पट होते. चाक खड्ड्यात लोंबलं की ड्राइव्हशाफ्टचे सांधे आणि वरचा बॉल जॉइंट ताणले जातात. कॅस्टर, म्हणजे चाक वळतं त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, मग वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ यायला कुरकुरतं आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. अलायनमेंटवाल्याकडे कॅस्टरचा आकडा मुद्दाम माग. बरेच जण नुसता टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत तेवढंच, बघून गाडी सोडून देतात.

मागे पाट्याखाली ब्लॉक घालून उचलायचं तर मला आणखी काळजी वाटते. अनेक पिकअपना मागच्या ॲक्सलपासून एका व्हॉल्व्हपर्यंत दांडी असते. चेसी किती दबली ते पाहून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवतो. चेसी उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते. खताची पोती भरून तू घाट उतरत असशील आणि मागचे ब्रेक अर्धवट लागतील. तुझ्या गाडीला ती दांडी आहे का, खाली वाकून बघ.

पुतण्याला एक सांग. लिफ्ट केली तरी मागच्या डिफरन्शिअलचा गोळा आहे तिथेच राहतो, कारण तो ॲक्सलवर असतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही किती? २५५/६० आर १८ च्या जागी २५५/६५ घातला तर व्यास इंचभर वाढतो, गोळा अर्धा इंच वर. स्पीडोमीटर मात्र शंभर दाखवेल तेव्हा खरा वेग १०३ असेल. कातळावरच्या बागेच्या वाटेला अर्ध्या इंचाने काय होणार? तिथे चांगल्या नक्षीचा टायर आणि नेमकी हवा जास्त कामाला येते.

कायद्याचंही बघ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीलाही बोट ठेवायला जागा मिळते.

आणि फोटोत पुढे तो अजस्र लोखंडी बंपर दिसतो, आधीच्या मालकाने लावलेला. तो आधी काढ. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने असल्या क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय, एअरबॅगच्याही ते मुळावर येतं. शिवाय एवढं लोखंड उतरलं की नाक आपोआप थोडं वर येईल. त्यानंतरही पुढची बाजू जास्त बसलेली वाटली, तर स्प्रिंगा थकल्या असतील. मग मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप घाल. पैसे तिथे घातलेले मला पटतील.

बंपर काढल्यावर हवा नीट भर, सपाट जागेवर गाडी लाव आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घे. एकदा रिकामी, एकदा तू नेहमी भरतोस तेवढं वजन हौद्यात ठेवून. आठही आकडे मला पाठव, डावं-उजवं लिहून. डाव्या-उजव्यात फरक निघाला तर पाटा तुटलाय का तेही कळेल. तोवर दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अभ्या