हिसार्लिकची टेकडी : एका व्यापाऱ्याचे बालस्वप्न

तुर्कस्तानच्या वायव्य टोकाला, दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीवर, चनाक्कले नावाचे बंदर आहे. तेथून सुमारे ३० किलोमीटर नैऋत्येस गेले की गव्हाच्या आणि टोमॅटोच्या शेतांमध्ये एक बुटकी टेकडी दिसते. तिचे नाव हिसार्लिक. 'हिसार' म्हणजे किल्ला. हरियाणातील हिसार शहराच्या नावातही हाच शब्द आहे. होमरच्या 'इलियड' महाकाव्यातील ट्रॉय नगरी, जिच्या तटाबाहेर ग्रीकांनी हेलनसाठी दहा वर्षे वेढा घातल्याची कथा आहे, ती या टेकडीच्या पोटात होती असे आज बहुतेक विद्वान मानतात.

प्रथमदर्शनी प्रवाशाची निराशा होते. प्रवेशद्वाराजवळ पर्यटकांसाठी उभारलेला लाकडी घोडा, पुढे मोडके तट, अर्धवट पायऱ्या आणि सामुद्रधुनीवरून सतत वाहणारा वारा. ज्या उपसागरात प्राचीन गलबते नांगर टाकीत, तो नदीने आणलेल्या गाळाने कधीच बुजला. समुद्र आता पाचसहा किलोमीटर दूर गेला आहे. येथे एकाच जागी, एकावर एक अशी नऊ नगरे वसली. जुन्या पेढीत वर्षानुवर्षांच्या वह्या एकावर एक रचाव्यात, तसे त्यांचे थर आहेत. सर्वांत खालची वही पाच हजार वर्षांपूर्वीची, सर्वांत वरची रोमन काळातील.

आणि या वह्यांच्या गठ्ठ्याला मधोमध फाडून काढलेली एक प्रचंड भेग टेकडीवर दिसते. उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेल्या त्या खोल चराला आजही 'श्लीमानचा चर' म्हणतात. हा श्लीमान विद्यापीठातला पंडित नव्हता. तो नीळीचा व्यापारी होता.

हाइनरिश श्लीमान १८२२ साली उत्तर जर्मनीत एका गरीब धर्मोपदेशकाच्या घरी जन्मला. त्याने आत्मवृत्तात सांगितलेली हकिकत अशी : १८२९ च्या नाताळात वडिलांनी त्याला मुलांसाठी लिहिलेला जगाचा इतिहास भेट दिला. त्यात जळत्या ट्रॉयचे चित्र होते. वृद्ध पित्याला पाठीवर घेऊन आणि लहान मुलाचा हात धरून एनियस बाहेर पडत होता. एवढे भक्कम तट समूळ नाहीसे कसे होतील, असे त्या सात वर्षांच्या मुलाने विचारले आणि मोठेपणी ते आपण खणून काढू असे ठरवून टाकले.

पुढे आई वारली, घराची घडी विसकटली, शाळा सुटली. चौदाव्या वर्षी तो एका किराणा दुकानात उमेदवारीला लागला. पहाटे पाच ते रात्री अकरा, खारवलेले मासे, लोणी, मीठ, तेल आणि मेणबत्त्या विकणे. एका संध्याकाळी दारू प्यालेला एक गिरणीवाला दुकानात आला आणि त्याने होमरच्या शंभरेक ओळी मूळ ग्रीकमध्ये म्हटल्या. मुलाला एक शब्द कळला नाही, तरी खिशातले थोडके पैसे खर्चून त्याने त्या ओळी पुन्हा पुन्हा म्हणवून घेतल्या.

नंतरचा प्रवास व्यापारी घरांना ओळखीचा वाटेल. जड पिंप उचलताना छातीला इजा होऊन नोकरी गेली. दक्षिण अमेरिकेकडे निघालेले जहाज हॉलंडच्या किनाऱ्यावर फुटले. ॲमस्टरडॅममध्ये कारकुनी करीत त्याने एकामागून एक परभाषा आत्मसात केल्या. रशियन तो मोठ्याने पाठ म्हणत असे आणि ते ऐकायला पगारी माणूस ठेवला होता. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले. १८४६ मध्ये पेढीचा प्रतिनिधी म्हणून तो सेंट पीटर्सबर्गला गेला आणि लवकरच नीळीचा मोठा आयातदार झाला. युरोपात त्या काळी विकली जाणारी बरीचशी नीळ आपल्या हिंदुस्थानातूनच जाई. १८५४ मध्ये मेमेल बंदराला आग लागून वखारी खाक झाल्या. वखारीत जागा नसल्याने लाकडी छपरीत ठेवलेला त्याचा माल तेवढा वाचला. क्रिमियाच्या युद्धात सोरा, गंधक आणि शिसे विकून त्याने आणखी संपत्ती मिळवली. जैन गृहस्थाला कर्मादान म्हणून वर्ज्य असलेल्या धंद्यांच्या जवळपास जाणारा तो व्यवहार होता, हेही नोंदवलेले बरे.

या साऱ्या वर्षांत त्याने ग्रीक मात्र शिकली नाही. त्याचे त्याने दिलेले कारण मोठे मार्मिक आहे : त्या भाषेची मोहिनी अशी जबर की तिच्या नादात व्यापारावरून मन उडेल, ही भीती. स्वप्न विसरणे वेगळे आणि त्याला कुलूप घालून किल्ली स्वतःजवळ ठेवणे वेगळे. १८५६ मध्ये त्याने ते कुलूप उघडले. काही वर्षांत धंदा आवरता घेतला, १८६४ मध्ये जगप्रवासाला निघाला. मद्रास, कलकत्ता, काशी, आग्रा, दिल्ली आणि हिमालयही पाहिला. कमाईला कोठेतरी मर्यादा घालावी, हा परिग्रह-परिमाणाचा विचार ज्यांच्या घरात आहे, त्यांना चाळिशी ओलांडताच पेढी बंद करणारा हा माणूस जवळचा वाटेल.

परंतु येथे एक अडचण आहे. बऱ्याच संशोधकांना त्याच्या व्यापाराच्या काळातील पत्रांत आणि दैनंदिन्यांत ट्रॉय खणण्याच्या मनसुब्याचा मागमूस सापडत नाही. नाताळच्या चित्राची गोष्ट त्याने कीर्ती मिळू लागल्यावर रचली, असा त्यांचा संशय आहे. तो निराधार नाही. तरीही प्रौढपणी बालपणाकडे वळणारा माणूस तेथे जे सापडते त्याची थोडी मांडणी करतोच. श्लीमानने ती जरा सढळ हाताने केली, एवढे म्हणता येईल.

१८६८ मध्ये तो या प्रदेशात आला तेव्हा त्याने प्रथम दुसरीच जागा खणून पाहिली. हिसार्लिककडे त्याला वळवले ते फ्रँक कॅल्व्हर्ट यांनी. टेकडीचा काही भाग त्यांच्या मालकीचा होता आणि तेथे त्यांनी आधीच खणून पाहिले होते. पुरेसा पैसा तेवढा नव्हता. पुढे श्लीमानने त्यांच्या वाट्याचे श्रेय फारसे मोकळेपणाने दिले नाही.

१८७१ ते १८७३ या काळात शेकडो मजूर लावून तो चर खणला गेला. होमरचे ट्रॉय तळाशीच असणार, ही त्याची खात्री. त्यामुळे वरच्या थरांतील भिंती त्याने अडथळा समजून पाडल्या. मे १८७३ च्या अखेरीस दुसऱ्या थरातील दगडी फरसबंद उतारापाशी सोन्याची शिरोभूषणे, पात्रे आणि हजारो मणी सापडले. राजा प्रायमचा खजिना, अशी त्याने घोषणा केली. परवान्याप्रमाणे निम्मा वाटा उस्मानी सरकारचा होता. त्याने सारे गुपचूप अथेन्सला नेले. सरकारने दावा लावला आणि अखेर त्याने ठरलेल्यापेक्षा बरीच मोठी रक्कम भरून प्रकरण मिटवले. न दिलेले घेणे ते अदत्तादान; नंतर पैसे भरल्याने त्याचे नाव बदलत नाही. ते सोने बर्लिनला गेले, १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने उचलले आणि आज मॉस्कोत आहे.

सोन्यापेक्षा जैन प्रवाशाला थबकवणारी वस्तू साधीच आहे. सूत कातण्याच्या चातीला लावायच्या मातीच्या चकत्या येथे हजारोंनी निघाल्या आणि त्यांतील अनेकांवर स्वस्तिकासारखे चिन्ह कोरलेले आहे. मंदिरात आपण पाटावर अक्षतांनी काढतो, त्या चार गतींच्या खुणेशी ते कितपत नाते सांगते? श्लीमानने माक्स म्युलरना विचारले; भारताबाहेरील चिन्हाला 'स्वस्तिक' म्हणू नये, असे त्यांचे मत पडले. तो सल्ला मानला गेला नाही. पुढे जर्मनीत या चिन्हाची जी विटंबना झाली, तिच्यामागच्या वंशाभिमानी भ्रमाला या शोधांच्या चर्चेनेही खतपाणी घातले. अथेन्समधील श्लीमानच्या प्रासादावर हे चिन्ह आजही दिसते. त्या वास्तूत आता नाण्यांचे संग्रहालय आहे.

१८९० मध्ये व्हिल्हेल्म डर्पफेल्ट या वास्तुविशारदासह तो पुन्हा येथे खणत होता. दुसऱ्या थराच्या तटाबाहेर, बऱ्याच वरच्या सहाव्या थरात, युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळातील ग्रीक मातीची भांडी निघाली. म्हणजे ज्याला तो प्रायमचे नगर म्हणत आला, ते त्या युद्धाच्या हजारांहून अधिक वर्षे आधीचे होते. हवी असलेली वही वरच होती. तिची पाने त्याने स्वतः फाडली होती. पुढच्या वर्षी काम चालू ठेवायचे ठरले, परंतु त्याच डिसेंबरात नेपल्समध्ये त्याचे निधन झाले.

काम डर्पफेल्टने पुरे केले. १८९३ चा खर्च श्लीमानच्या पत्नीने, सोफियाने दिला. टेकडीच्या मध्यावर सहाव्या नगराचे फारसे काही उरले नव्हते. पूर्वी माथा सपाट करून मंदिर उभारले गेले होते, उरलेसुरले चराने नेले. कडेचा तट मात्र मिळाला. आज आत शिरताच पूर्वेच्या बाजूस तो लागतो : किंचित कललेला, घडीव चिऱ्यांचा, सांधे इतके चोख की पाते शिरू नये. चराच्या काठावरचे कठडे ओलांडून वाट पुढे जाते. मुले तेथे थांबत नाहीत, त्यांना घोड्याच्या पोटात चढायची घाई असते.