शून्य खरेच शून्य होते का?

माझी थोरली बहीण, आमची आक्का. स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तिला रोज टॅमॉक्सिफेनची गोळी दिली. वर्षभराने आक्का म्हणाली, "अंगाची नुसती लाही होते रे. इस्ट्रोजेन अडवायला गोळी म्हणतात. माझी पाळी जाऊन दहा वर्षं झाली, आता अडवायला उरलंय काय? बंद करते मी."

मी बी.कॉम. झालेला कारकून, काय उत्तर देणार? म्हणून वाचत गेलो.

अमेरिकेत डेट्रॉइट येथे एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून कर्करोगाच्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. त्यांची माहिती १९७३ साली प्रसिद्ध झाली. नाव एमसीएफ-७. ती बाई १९७० सालीच वारली होती; पण तिच्या पेशींवर जगभर आजही औषधे तपासली जातात.

या पेशी पोषक द्रवात ठेवतात. द्रव आंबट झाला की कळावे म्हणून त्यात फिनॉल रेड नावाचा लाल रंग घालतात. रंग म्हणजे नुसती खूण, असेच सर्व धरून चालले होते. १९८६ साली इलिनॉय विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की या रंगाचे काम सौम्य इस्ट्रोजेनसारखे होते! बिनरंगाच्या द्रवापेक्षा रंगाच्या द्रवात पेशी दुपटीने झाल्या. म्हणजे ज्या पेशींना इस्ट्रोजेन दिलेच नाही असे समजत होते, त्यांनाही ते गुपचूप मिळत होते. टॅमॉक्सिफेनने वाढ रोखली तीही रंगाच्याच द्रवात. रंग काढल्यावर रोखायला काही उरलेच नाही. पुढे कळले, की दोष रंगातल्या भेसळीचा होता. आता अशा प्रयोगांना बिनरंगाचा द्रव वापरतात.

आम्हा हिशेबनीसांना हे लगेच पटते. आरंभीची शिल्लक शून्य धरली आणि पेटीत आधीच पैसे असले, तर पुढचा सगळा ताळेबंद चुकतो.

आक्काचेही तसेच होते. पाळी गेली तरी शरीरातली चरबी थोडे इस्ट्रोजेन तयार करीतच असते. ज्या गाठीत ते पकडणारी जागा तपासणीत सापडते, त्याच रुग्णांना ही गोळी देतात. गोळी ती जागा अडवून बसते.

मी म्हणालो, "आक्का, तुझं शून्य शून्य नाही गं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. लाही कमी करण्याचे उपाय त्यांनी सांगितले. गोळी चालू आहे.

भगिनींनो, त्रास होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. पण न विचारता गोळी बंद करू नका.