मापाची गाडी

खेळण्यांच्या दुकानात शिरताना हल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात एक शिपाई असतो. उंचीला इंचाहून थोडा अधिक, करड्या प्लॅस्टिकचा, पाठीवर कसलेसे नळकांडे आणि हातात या पृथ्वीवर अजून न झालेली बंदूक. दुकानदाराने मोटार समोर ठेवली की मी त्याला हळूच बाहेर काढतो, मोटारीच्या दाराशी उभा करतो, एक डोळा मिटून पाहतो आणि नकारार्थी मान हलवतो. पुण्यात तुळशीबागेजवळच्या एका दुकानदाराने सात-आठ गाड्या काढून दाखवल्यावर शेवटी विचारले, "मुलगा केवढा आहे, साहेब?" "पंचेचाळीस वर्षांचा," असे अगदी ओठांवर आले होते. पण "पुतण्यासाठी हवीय," असे म्हणून मी सुटका करून घेतली. ते खोटे नव्हते; सगळे खरेही नव्हते.

पुतण्या अकरावीत आहे. तो आणि त्याचे तीन मित्र दर रविवारी एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत टेबल मांडून युद्ध खेळतात. युद्ध कुठल्यातरी दूरच्या ग्रहावरचे, काही हजार वर्षांनंतरचे. फासे टाकायचे, फूटपट्टीने अंतर मोजायचे, शिपाई पुढे सरकवायचे. शिपाई एका मित्राच्या थोरल्या भावाच्या छपाईयंत्रावर थर चढवून निघतात, ते स्वस्त पडतात. अडते ते वाहनांपाशी. परदेशी कंपनीचा एक रणगाडा घ्यायचा तर त्या पैशात घरचा महिन्याचा किराणा भरता येईल. म्हणून एके दिवशी हा मागच्या दाराने माझ्याकडे आला.

मागच्या दाराने, कारण पुढे भिंत आहे. नऊ वर्षांपूर्वी दादाची आणि माझी वाटणी झाली, तेव्हा ओसरीच्या मधोमध ती घातली. भांडण कशावरून झाले हे सांगण्यात अर्थ नाही. अशी भांडणे गावोगावी सारखीच असतात. वडिलांच्या श्राद्धाला आम्ही एका पंगतीला बसतो आणि भाजीबद्दल बोलतो. मी तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. तिन्हींत शेवटच्या प्रकरणात दुरावलेली माणसे एकत्र येतात, आणि तो प्रसंग मला चांगला जमतो असे वाचक कळवतात.

"काका, तुम्ही चित्रकला शिकवता ना? मग प्रमाण म्हणजे नक्की काय ते सांगा."

मॅट्रिकनंतर मी चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली. (दहावीला वडील शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत, म्हणून मीही तो शब्द सोडलेला नाही.) वीस वर्षे मुलांना प्रमाण शिकवले, पण इतक्या तळमळीने ते कुणी विचारले नव्हते. आम्ही कागद घेऊन बसलो. शिपाई अठ्ठावीस मिलिमीटरचा म्हणतात. म्हणजे किती? या खेळात पुष्कळदा तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात. माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण एकशे सत्तावन्न सेंटिमीटरवर असतात. भाग दिला की १:५६ येते. हिशेब संपला असे वाटले. पण शिपाई चकतीवर उभा असतो, ती दोन-तीन मिलिमीटर उंच. शिवाय लांबून ठसठशीत दिसावीत म्हणून त्याचे डोके आणि हात मुद्दाम थोराड केलेले असतात. त्यामुळे १:५६ ची गाडी त्याच्या शेजारी पोरकट दिसते आणि १:४८ ची, म्हणजे एका फुटाला पाव इंच या मापाची, शोभते. गणित एक सांगते आणि डोळा दुसरेच. चित्रकलेच्या तासाला मी मुलांना नेमके हेच सांगत आलो आहे. फरक इतकाच, की ती ऐकत नाहीत.

मग प्रश्न असा आला, की जे यान कधी अस्तित्वातच नव्हते त्याचे प्रमाण ठरवायचे कसे? अ‍ॅम्बॅसिडर किती लांब ते आपल्याला ठाऊक असते. परग्रहावरची मालगाडी किती लांब, हे कोण सांगणार? पुष्कळ विचार केल्यावर लक्षात आले, की जिथे माणसाचा हात किंवा पाय लागतो तेवढ्याच जागा पाहायच्या. दार, पायरी, शिडी, बैठक. बाकीचे यंत्र हत्तीएवढे असो नाहीतर डोंगराएवढे, दार माणसाच्या मापाचे असले की डोळ्याला पटते.

या खेळाचा एक मूळपुरुष एच. जी. वेल्स. १९१३ साली त्याने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले आणि खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईला नियम घालून दिले. मला मौज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. याच वेल्सने १९०३ साली 'द लँड आयर्नक्लॅड्स' या कथेत जमिनीवरून चालणाऱ्या पोलादी युद्धनौका कल्पिल्या होत्या. खरे रणगाडे रणांगणावर आले ते १९१६ मध्ये. पण दहा वर्षांनी स्वतःच्या घरातल्या फरशीवर लढाई मांडताना त्याने घेतले पायदळ, घोडदळ आणि स्प्रिंगची तोफ! बहुधा त्यालाही मापाची गाडी मिळाली नसावी, असे मी पुतण्याला सांगितले. त्याने ते गंभीरपणे मान्य केले.

पुढे 'वॉरहॅमर ४०,०००' हा या जातीचा सर्वांत गाजलेला खेळ १९८७ साली इंग्लंडात निघाला. त्याच्या आरंभीच्या काळात वाहने फारशी विकतच मिळत नसत. तेव्हा काखेत लावायच्या सुगंधी कांडीची रिकामी डबी आडवी करून तिच्यापासून हवेत तरंगणारे रणयान कसे करावे, हे खेळणाऱ्यांना रीतसर शिकवले गेले. हे कळल्यावर आमच्या घरातला कचरा बाहेर जाणे बंद झाले. टूथपेस्टची टोपणे, पेनांच्या नळ्या, दाढीच्या यंत्राचे मुडपे. आमच्या मंडळींनी दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी फक्त म्हणाल्या, "शाळेतलं कुणी आलं तर काय सांगू?"

बुधवारी सुट्टी होती, तेव्हा पहाटेची एस. टी. पकडून आम्ही दोघे पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. चादरींवर कुलपे, सायकलींचे पेडल, बंद पडलेली घड्याळे, नाणी आणि तारांची भेंडोळी पसरलेली. कळ मागे ओढून सोडली की धावणारी एक प्लॅस्टिकची रिक्षा पुतण्याला आवडली. मी शिपाई काढला. खरी रिक्षा उंचीने जवळजवळ माणसाएवढीच. ही आमच्या वीराच्या तिप्पट भरली. तो बिचारा तिच्या चाकाशी प्रवासी म्हणूनसुद्धा शोभेना. पण पलीकडे एका टोपलीत संगणकाचे जुने माऊस होते, दहा रुपयाला एक. उपडा केलेला, शेपूट कापलेला उंदीर इतका झकास रणयान दिसतो की काय सांगावे! आम्ही सहा घेतले. वाहन म्हणून उंदराची योजना आपल्याकडे फार पूर्वीच झालेली आहे, आणि तेव्हा प्रमाणाचा विचार कुणी केला नव्हता हेही बरेच झाले.

परतताना खिडकीशी बसलेला पुतण्या म्हणाला, "पण काका, एक तरी खरी गाडी हवी. लोखंडाची. उंदीर म्हणजे शेवटी उंदीर."

मी गप्प बसलो. कारण खरी गाडी कुठे आहे ते मला माहीत होते. वाटणीत भांडी, कपाटे, देव सगळे लिहून काढले होते. पण माळ्यावरचा बिस्किटांचा डबा यादीत राहिला आणि माळा दादाकडे गेला. त्या डब्यात आम्हा दोघांच्या धातूच्या गाड्या होत्या. त्यांतली पिवळी क्रेन मुंबईच्या मामांनी दिली. दोघांत मिळून एक दिली, इथेच सगळे आले. १९८८ च्या दिवाळीत आम्ही अंगणात किल्ला केला; अळीव पेरले, बुरूज रचले, मातीचे मावळे मांडले. मावळा दरवाजाच्या दुप्पट उंच होता आणि महाराज त्याच्याही वर. पायथ्याशी ती क्रेन उभी करायची असा माझा हट्ट. दादा म्हणाला, शिवकालात क्रेन नव्हती. मी रडलो. सकाळी उठून पाहतो तो क्रेन किल्ल्याच्या पायथ्याशी उभी, आणि तिच्या आकड्याला सुतळीने बांधलेला एक दगड. बुरुजाचे काम अजून चालू आहे, असे दादाने ठरवून टाकले होते.

एका गाडीसाठी मी अडीच तासांचा प्रवास करून पुण्याला गेलो, बाजार पालथा घातला. भिंतीपलीकडे हाक मारली नाही. पुतण्याला मी डब्याचे काही सांगितले नाही. त्याने स्वतःच घरी विचारले असावे.

चार दिवसांनी तो डबा घेऊन आला. झाकण गंजले होते, ते मला उघडावे लागले. गाड्या जुन्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेल्या होत्या. क्रेनचा आकडा लहानपणीच तुटला होता. तिथे आता तांब्याच्या तारेचा नवा आकडा होता. तार काळवंडलेली होती. हे काम चार दिवसांतले नव्हते.

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, मोजून बघा म्हणावं. लहान पडेल."

शिपाई शेजारी उभा केला. लहानच पडली, क्रेनचे टप त्याच्या हनुवटीला लागले. ही अशी खेळणी मुळातच मापाची नसतात. मॅचबॉक्स गाड्यांची सुरुवात कशी झाली याची गोष्ट शिक्षकाने ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडात जॅक ओडेल नावाच्या कारागिराच्या मुलीच्या शाळेत नियम होता, की काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायचे. म्हणून त्याने तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. १९५३ पासून त्या गाड्या बाजारात आल्या. पेटी ठरलेली, मग मोटार असो की मालमोटार, तिला पेटीपुरते आक्रसणे भाग. डब्यात आमची बस आणि आमची मोटार एकाच लांबीच्या आहेत आणि लहानपणी आम्हाला त्यात काही खटकले नव्हते.

पुतण्या हिरमुसला नाही. २०१७ साली निघालेल्या 'गॅसलँड्स' या खेळात असल्याच छोट्या मोटारींना तोफा चिकटवून लढवतात, असे तो म्हणाला. तिथे गाड्यांशेजारी शिपाई नसतातच, त्यामुळे मापाचे कुणी विचारत नाही. "आपण हिच्या काचा काळ्या करू. आत माणूस नाही, गाडी आपली आपण चालते. मग ती केवढीही चालेल."

आम्ही काचा काळ्या केल्या. मी करड्या रंगाची बाटली उघडली, ब्रश भिजवला, तेवढ्यात मागच्या दारात कुणीतरी खाकरले. दादा चष्मा कपाळावर सारून उभा होता. नऊ वर्षांत तो या दारात आला नव्हता. उंबरठ्याची उंची विसरला असावा, कारण पाय अडखळला.

"रंग देऊ नका," तो म्हणाला. "पिवळीच राहू दे."

मंडळींनी चहा टाकला. दादाने शिपाई उचलला, उलटापालटा करून पाहिला, क्रेनच्या आकड्याशी नेला आणि विचारले, "याला उचलते का रे ही?" पुतण्याने नियमांचे पुस्तक काढले. त्यात क्रेनचा नियम नव्हता. तो ठरवण्यात त्या दोघांचा तासभर गेला. मी फूटपट्टी धरून बसलो होतो.

पुतण्याची सगळी सेना करडी आहे. सहा उंदीर, चाळीसेक शिपाई. त्यांच्या मागे, टेबलाच्या कडेला, ती पिवळी क्रेन उभी असते. मित्रांनी विचारले, तर बुरुजाचे काम अजून चालू आहे असे तो सांगतो.